हाड बरं झालं, मग रक्त कसं बिघडलं?

चोपडा तालुक्यातून एका मामांनी सविस्तर लिहिलं आहे. त्यांची भाची पंधरा वर्षांची, दहावीत शिकते. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या मांडीच्या हाडात इविंग सार्कोमा, म्हणजे हाडाचा एक कॅन्सर, निघाला. मुंबईला किमो झाली, ऑपरेशन करून आजारी हाड काढलं, धातूचं बसवलं, पुन्हा किमो झाली. उपचार संपून वर्ष उलटलं, पोरगी शाळेत जायला लागली. गेल्या महिन्यात ताप आला, प्लेटलेट ३८ हजार निघाल्या, डेंग्यू समजून आठवडाभर सलाईन चाललं. प्लेटलेट वर येईनात म्हणून कुणीतरी स्मिअर बघितला, म्हणजे काचपट्टीवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्यात ब्लास्ट, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरातल्या कच्च्या पेशी. मुंबईच्या डॉक्टरांनी बोन मॅरो, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा मगज, तपासून सांगितलं की हा रक्ताचा कॅन्सर आहे आणि तो आधीच्या औषधांमुळे झाला आहे.

मामांचे प्रश्न असे: हाडाचाच कॅन्सर रक्तात उतरला का? औषधांनी झाला असेल तर ती औषधं द्यायलाच नको होती का? आता यातून मुलगी उठेल का? माझा मॅरो चालेल का? धाकट्या भावाची तपासणी करायची का? मांडीत धातू आहे, त्याची अडचण होईल का? आणि दहावीचा फॉर्म भरायचा की नाही? आजी तर घरात येईल त्याला एकच विचारते म्हणे, "हाड बरं व्हयनं, मंग रगत कसं बिघडनं?"

मी जळगावात लहान मुलांचे कॅन्सर बघतो. मामा, आजींचाच प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

हा हाडाचा कॅन्सर रक्तात उतरलेला नाही. इविंग सार्कोमा पसरतो तेव्हा बहुतेक वेळा फुफ्फुसात किंवा दुसऱ्या हाडांत जातो. कधीकधी तो बोन मॅरोतही शिरतो, म्हणून तुमची शंका खुळी नाही. मॅरोत परक्या पेशी दिसल्या की पॅथॉलॉजिस्टलाही हाच प्रश्न आधी सोडवावा लागतो. इविंगच्या पेशी मॅरोत घोळक्याने दिसतात, त्यांच्यावर सीडी ९९ ही खूण ठळक असते आणि जनुकाच्या तपासणीत ११ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल सापडते. नुसत्या सीडी ९९ वर मात्र भागत नाही, ती खूण दुसऱ्या एका प्रकारच्या ल्युकेमियातही, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरातही, मिळते. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टात सीडी ३३, सीडी ११७ आणि एमपीओ पॉझिटिव्ह आहेत. या मायलॉइड पेशींच्या खुणा. म्हणजे हा अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, एएमएल. मॅरोतच नव्याने जन्मलेला, जुन्या गाठीशी रक्ताचं नातं नसलेला वेगळा आजार. मुंबईच्या डॉक्टरांचं निदान बरोबर वाटतं.

आता तो जन्मला कसा. किमोची बरीचशी औषधं पेशीच्या डीएनएवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी सारख्या विभागत असतात, त्यामुळे त्या घावाने मरतात. पण मॅरोतल्या मूळ पेशीही, ज्यांच्यापासून आयुष्यभर रक्त तयार होतं, त्याच फवाऱ्यात सापडतात. बहुतेक घाव भरून निघतात किंवा ती पेशी मरून जाते. लाखात एखादी पेशी मात्र जगते आणि तिच्या डीएनएत चुकीची जोडणी कायम राहते. सातबाऱ्यावर एकदा चुकीची नोंद चढली की पुढच्या प्रत्येक उताऱ्यात तीच छापून येते, तसं त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांत तीच चूक उतरते. त्या चुकीने पेशीला वाढीचा जोर मिळाला, तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी ल्युकेमिया उभा राहतो.

यात औषधांचे दोन गट आहेत आणि त्यांच्या चाली निरनिराळ्या. सायक्लोफॉस्फामाइड आणि आयफॉस्फामाइड हा पहिला गट. सिस्प्लॅटिनही साधारण याच चालीचं. यांच्यामुळे होणारा ल्युकेमिया उशिरा येतो, साधारण पाच-सात वर्षांनी, आणि येण्याआधी बऱ्याचदा कुरकुरतो: आधी हिमोग्लोबिन उतरतं, प्लेटलेट हळूहळू कमी होतात, मॅरो बिघडल्याचं दिसतं, मग कधीतरी ब्लास्ट वाढतात. यात ५ किंवा ७ नंबरचं गुणसूत्र पूर्ण किंवा अर्धवट गायब झालेलं सापडतं. दुसरा गट इटोपोसाइडचा. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, तेही यात येतं. यांचा ल्युकेमिया लवकर येतो, एक ते तीन वर्षांत, आणि कसलीही चाहूल न देता. महिन्यापूर्वीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, चांगला असतो आणि या महिन्यात ब्लास्ट दिसतात. यात ११ नंबरच्या गुणसूत्रावरचं केएमटी२ए नावाचं जनुक तुटून भलतीकडे जोडलेलं असतं. तुमच्या भाचीला औषधं सुरू होऊन दोन वर्षं झाली आहेत आणि फिश या जनुकांची मोडतोड दाखवणाऱ्या तपासणीत हेच जनुक तुटलेलं आलं आहे. म्हणजे बोट इटोपोसाइडकडे जातं. हे लिहितोय ते औषधाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला नाही. कोणत्या गटाचा आहे यावर पुढचा अंदाज ठरतो, म्हणून.

मग ती औषधं द्यायला नको होती का? याचं उत्तर भावनेने देण्यात अर्थ नाही, हिशेब मांडावा लागतो. आणि नशिबाने हा हिशेब एकाच अभ्यासात मांडून ठेवलेला आहे. अमेरिकेत १९८८ ते १९९२ या काळात इविंगच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला तेव्हाची नेहमीची चार औषधं दिली. दुसऱ्याला त्यांच्या जोडीला आयफॉस्फामाइड आणि इटोपोसाइड. आजार पसरलेला नव्हता अशा ३९८ मुलांमध्ये पाच वर्षांनी जिवंत असलेली मुलं पहिल्या गटात १०० पैकी ६१ होती, दुसऱ्यात ७२. पुढे याच मुलांमधले रक्ताचे कॅन्सर मोजले, ते २००७ साली प्रसिद्ध झाले: पाच वर्षांत पहिल्या गटात ०.४ टक्के, दुसऱ्यात ०.९ टक्के. म्हणजे ही दोन औषधं जोडल्याने शंभरात अकरा मुलं जास्त वाचली आणि ल्युकेमिया शंभरात अर्ध्या मुलाने वाढला. तुमच्या जागी मी असतो, माझी भाची असती, तरी मी त्या दिवशी तीच औषधं दिली असती. आज ते अर्धं मूल तुमच्या घरात पूर्ण मूल आहे, हे मला कळतं. टक्केवारीने तुमचं दुःख कमी होत नाही. पण त्या वेळचा निर्णय चुकला, हे मनातून काढून टाका. किमो नव्हती त्या काळात नुसत्या ऑपरेशनवर किंवा शेकावर, म्हणजे रेडिएशनवर, इविंगची फारच थोडी मुलं वाचत.

त्याच अभ्यासात पुढे तिसरा एक गट होता. आजार आधीच पसरलेली ६० मुलं, आणि त्यांना डोस चढवून दिले: आयफॉस्फामाइड एकूण ९० वरून १४० ग्रॅमवर, सायक्लोफॉस्फामाइड ९.६ वरून १७.६ ग्रॅमवर, डॉक्सोरुबिसिन ३७५ वरून ४५० मिलिग्रॅमवर, सगळं शरीराच्या दर चौरस मीटरला. त्या गटात पाच वर्षांत रक्ताचा कॅन्सर ११ टक्क्यांवर गेला. आणि जास्त डोसने इविंग काही जास्त बरा झाला नाही. हे वाचल्यापासून "अजून दोन सायकल जास्त देऊन टाका ना डॉक्टर, पैशाची काळजी करू नका" असं म्हणणाऱ्या पालकांना मी थांबवून बसवतो. धोका एकूण डोसाने वाढतो, दोन डोसांमधलं अंतर कमी केल्याने नाही. कारण नंतर त्याच औषधांचा तेवढाच डोस तीन आठवड्यांऐवजी दोन आठवड्यांच्या अंतराने देऊन पाहिला, तर आजार जास्त आटोक्यात आला आणि दुसरे कॅन्सर वाढले नाहीत. त्या पद्धतीत पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं प्रत्येक सायकलला लागतात. ही इंजेक्शनंच ल्युकेमिया आणतात असं व्हॉट्सअॅपवर फिरत असतं. त्यावर संशय घेतला गेला हे खरं, पण तो त्यांच्यावर सिद्ध झालेला नाही, आणि पेशी शून्यावर असताना आलेला ताप मात्र दोन दिवसांत मूल नेतो.

ऑस्टिओसार्कोमाचे पालक हे वाचत असतील तर थोडक्यात: गुडघ्याजवळ किंवा खांद्याजवळ येणारा, उंची झपाट्याने वाढायच्या वयातला हा हाडाचा कॅन्सर. त्यात डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन असतं, जोडीला परदेशात बहुतेक ठिकाणी मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट. मेथोट्रेक्सेटवर ल्युकेमियाचा ठपका नाही. आपल्याकडे अनेक ठिकाणी त्याच्याऐवजी आयफॉस्फामाइड देतात, कारण मोठ्या डोसच्या मेथोट्रेक्सेटला रक्तातली पातळी पुन्हा पुन्हा मोजावी लागते. इटोपोसाइड पहिल्या फेरीत सहसा नसतं. तुमच्या मुलांना हा धोका आहे, पण लहान आहे.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते. भाचीचा आठवडा डेंग्यूत गेला, त्याबद्दल तुम्ही चिडून लिहिलं आहे. पावसाळा संपता संपता आपल्याकडे ताप आणि कमी प्लेटलेट म्हणजे डेंग्यू, हे समीकरण बऱ्याचदा बरोबर असतं. त्या डॉक्टरांनी वावगं काही केलं असं नाही, त्यांच्या हातात एक माहिती नव्हती. केसपेपरवर "मांडीचं ऑपरेशन झालेलं" एवढंच लिहिलं होतं, असं तुम्हीच म्हणता. किमोचा उल्लेख कुठेच नाही. ऑपरेशन दिसतं, व्रण दिसतो, पोरगी जरा लंगडते तेही दिसतं. किमो दिसत नाही. आणि आपल्याकडे तर लग्नाच्या काळजीने घरचेच कॅन्सर हा शब्द ओठावर येऊ देत नाहीत.

डेंग्यू आणि हा आजार यांतला फरक साध्या सीबीसीवर कळू शकतो, थोडं लक्ष असलं तर. डेंग्यूत प्लेटलेट तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरतात, पण त्या काळात हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, उतरत नाही, उलट रक्त घट्ट झाल्याने वर जातं. सातव्या-आठव्या दिवसानंतर प्लेटलेट आपोआप चढायला लागतात. ज्या मुलात प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन दोन्ही एकत्र खाली येतात, किंवा दहा दिवस झाले तरी प्लेटलेट जागची हलत नाही, तिथे डेंग्यूची कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह असली तरी स्मिअर माणसाच्या डोळ्यांनी बघितला गेला पाहिजे. मशीनचा रिपोर्ट पुरत नाही. उलट बाजूही सांगतो: मशीन कधीकधी प्लेटलेटचे पुंजके झाल्यामुळे खोटा कमी आकडा देतं. एका पालकांनी रात्री अकराला फोनवर ४१ हजार वाचून दाखवला होता, रडत. सकाळी निळ्या झाकणाच्या, म्हणजे असे पुंजके टाळणाऱ्या वेगळ्या नळीत रक्त घेतलं तर एक लाख ९० हजार.

नंदुरबारकडच्या, अक्कलकुवा-धडगावच्या मुलांमध्ये आणखी एक गुंता असतो, सिकलसेलचा, म्हणजे लाल पेशींच्या जन्मजात आजाराचा. सिकलसेलच्या मुलाचं हिमोग्लोबिन नेहमीच सात-आठच्या घरात असतं आणि हाडं अधूनमधून दुखतातच. त्यामुळे अशा मुलाच्या हाडात गाठ झाली तरी "क्रायसिस आहे", म्हणजे सिकलसेलचाच दुखण्याचा झटका आहे, म्हणून वेळ जातो, आणि पुढे किमोनंतर रक्त बिघडलं तरी "याचं रक्त कमीच असतं" म्हणून. तिथे प्लेटलेटकडे बघायचं. नुसत्या सिकलसेलमध्ये त्या सहसा कमी होत नाहीत. कमी असतील तर प्लीहा मोठी झाली आहे का ते बघायचं, आणि ती झाली नसेल तर मॅरोचा विचार करायचा.

आणि तिसरा गुंता माळकरी घरांतला. रिपोर्टात एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, वाढून १०८, हिमोग्लोबिन ८, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही थोड्या कमी. किमो होऊन गेलेल्या मुलाचा असा रिपोर्ट आला की पोटात गोळा येतो, कारण मॅरो बिघडायला लागल्यावर लाल पेशी मोठ्या होतात. पण शुद्ध शाकाहारी घरात बी १२ च्या कमतरतेनेही हुबेहूब हेच चित्र दिसतं, आणि ते इंजेक्शनांनी काही आठवड्यांत सुधारतं. मॅरोची सुई लावायच्या आधी बी १२ ची पातळी बघणं हा दोन-चारशेपासून हजार रुपयांपर्यंतचा प्रश्न आहे. फक्त एक करा: तपासणीचं रक्त काढण्याआधी बी १२ चं इंजेक्शन घेऊन मोकळे होऊ नका. आपल्याकडे "अशक्तपणा आहे" म्हटलं की ते लाल इंजेक्शन पहिल्यांदा टोचलं जातं आणि मग खरं काय होतं ते कळायला मार्ग राहत नाही.

किमो संपलेल्या प्रत्येक मुलाचा सीबीसी दर महिन्याला करावा का? नाही. लक्षणं नसताना वर्षानुवर्षं रक्त तपासत राहिल्याने हा ल्युकेमिया लवकर सापडून मुलं जास्त वाचतात, असं दिसलेलं नाही; इटोपोसाइडचा तर दोन तपासण्यांच्या मधल्या महिन्यात उगवतो. अमेरिकेतल्या बालकर्करोगाच्या मार्गदर्शक सूचनांतूनही दरवर्षीचा सक्तीचा सीबीसी गेला आहे. मी मधला रस्ता धरतो. पहिली तीन वर्षं छातीच्या तपासणीला मूल येतंच, तेव्हा सोबत सीबीसी होतो. त्यानंतर लक्षण दिसलं तरच: चेहरा पांढुरका पडणं, खेळून लवकर दमणं, मार न लागता निळे डाग, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, पुन्हा पुन्हा ताप.

या सगळ्यापेक्षा एक कागद जास्त कामाचा आहे. उपचार संपताना हॉस्पिटलकडून ट्रीटमेंट समरी मागून घ्या. त्यात प्रत्येक औषधाचं नाव, एकूण डोस, शेक दिला असेल तर कुठे आणि किती, पहिली आणि शेवटची तारीख. त्याच्या चार झेरॉक्स करा, एक लॅमिनेट करून मुलाच्या दप्तरात, एकाचा फोटो आई-बापाच्या मोबाईलमध्ये. शहाद्याच्या किंवा पारोळ्याच्या डॉक्टरसमोर ताप घेऊन बसलात की "मूल कसं आहे" याआधी तो कागद पुढे करा. "आयफॉस्फामाइड, इटोपोसाइड" हे दोन शब्द वाचले की कुठलाही एमबीबीएस डॉक्टर स्मिअर मागेल. तुमच्या भाचीच्या बाबतीत त्याने ल्युकेमिया टळला नसता, आणि त्या एका आठवड्याने तिचं भवितव्य बदललं असंही मी म्हणणार नाही. पण त्या आठवड्यात तिला कमरेत इंजेक्शनं दिली गेली, आणि ती जागा अजून काळीनिळी आहे, हे टळलं असतं.

त्यावरूनच आत्ताचं, घरातलं. प्लेटलेट ३८ हजार असताना स्नायूत इंजेक्शन घ्यायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. तापाला फक्त पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लॅम नको, डिस्प्रिन अजिबात नको. पपईच्या पानांचा रस गावात कुणीतरी आणून देणारच. या आजारात मॅरोचा कारखानाच बंद पडलेला असतो, रसाने काही होत नाही, उलटी झाली तर नुकसान मात्र होतं. अंगात १००.४ च्या वर ताप गेला तर रात्रीच्या गाडीने मुंबईला निघू नका. आधी जळगावात किंवा धुळ्यात शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस घ्या, तासाभरात, मग प्रवास. दादरला उतरेपर्यंत थांबणं धोक्याचं आहे.

आणि एक गोष्ट जी चांगल्या मनाने चुकते. पोरीला रक्त लागेल म्हटल्यावर गावातून गाडी भरून माणसं येतील, त्यात आई, वडील, भाऊ, तुम्ही स्वतः. रक्तपेढीत जरूर द्या, पण ते तिला चढवू नका असं स्पष्ट सांगा. पुढे घरातल्याच कुणाचा मॅरो तिला द्यायचा असेल तर आधी त्याचं रक्त चढलेलं चालत नाही, तिचं शरीर त्याच्याविरुद्ध तयारी करून बसतं. तिला द्यायचं रक्त गाळून पांढऱ्या पेशी काढलेलं आणि रेडिएशन दिलेलं असावं. मुंबईत हे विचारावं लागत नाही, आपल्याकडे विचारा.

पुढचा उपचार साधारण असा जाईल. आधी मॅरोची गुणसूत्रांची तपासणी पूर्ण होईल, हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, होईल, आणि इविंग कुठे परत आला नाही ना हे स्कॅनवर बघतील. तो आला असेल तर सगळा बेत बदलतो. मग एएमएलची किमो. या किमोत एरवी लाल औषधाचीच भावंडं मुख्य असतात, पण त्यांचा हृदयावर ताण येतो आणि तिच्या हृदयाने त्यांचा वाटा आधीच घेतला आहे, म्हणून डॉक्टर त्यांचा डोस कमी ठेवतील किंवा सायटाराबिन आणि फ्लुडाराबिनवर जास्त भर देतील. मॅरो साफ झाला, म्हणजे ब्लास्ट दिसेनासे झाले की, आणि तो साफ असेपर्यंतच, दुसऱ्याचा मॅरो बसवायचा, म्हणजे प्रत्यारोपण. या प्रकारच्या ल्युकेमियात नुसत्या किमोवर कायमचं बरं होणं विरळा. काही उपप्रकार नशीबवान असतात, १५ आणि १७ गुणसूत्रांच्या अदलाबदलीचा तर एट्रा आणि आर्सेनिक या औषधांवरच बरा होतो, पण तुमचा तो नाही. केएमटी२ए तुटलेल्या ल्युकेमियावर काम करणाऱ्या रेव्हुमेनिब या गोळीला अमेरिकेत २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजुरी मिळाली, तीही आजार दाद देत नसेल किंवा उलटला असेल तर. तिचं नाव लक्षात ठेवा. आज तिच्या मागे पळू नका.

मुलगी उठेल का, हे तुम्ही सरळ विचारलं आहे म्हणून सरळ सांगतो. मॅरो प्रत्यारोपणापर्यंत पोहोचलेल्या अशा मुलांपैकी दीर्घकाळ टिकणारी मुलं ढोबळमानाने तिघांत एक. तिथवर न पोहोचणारीही असतात. पहिल्या किमोनंतर मॅरो साफ होतो का, यावर सगळ्यात जास्त अवलंबून आहे. तो रिपोर्ट आला की हाच प्रश्न तिथल्या डॉक्टरांना पुन्हा विचारा, तेव्हाचं उत्तर आजच्यापेक्षा खरं असेल.

तुमचा मॅरो: सख्ख्या भावंडाचा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. म्हणून आधी धाकट्या भावाची एचएलए तपासणी, म्हणजे मॅरो जुळतो का हे बघणारी रक्ततपासणी. नाही जुळला तर आई किंवा वडील. त्यांचा निम्मा नेहमीच जुळतो आणि हल्ली निम्म्यावरही प्रत्यारोपण होतं. मामाचा पूर्ण जुळणं दुर्मीळ, पण आई-वडिलांपैकी कुणी आजारपणामुळे देऊ शकत नसेल तर तुमचा निम्मा जुळतो का हे बघतात. तयारी दाखवली आहे ती टिकवून ठेवा. देणाऱ्याला अपंगत्व येतं, पाठीचा कणा जातो, असं काही नसतं: भूल देऊन कमरेच्या हाडातून मॅरो काढतात किंवा चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन हातातल्या शिरेतून मशीनवर पेशी गोळा करतात. खर्च मोठा आहे, अनेक लाखांत. जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान निधी या सगळ्यांचे अर्ज हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडूनच भरून घ्या, एजंटांकडून नाही. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के; मुंबईचा तो फॉर्म तुमच्याकडे आधीचा असेलच, नव्या तारखेचा घ्या. राहण्याला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा तुम्हाला ठाऊक आहे, पण प्रत्यारोपणानंतरचे महिने तिथे काढता येणार नाहीत. तेव्हा वेगळी, स्वच्छ खोली लागेल, तिची चौकशी आत्तापासून करा.

धाकट्या भावाला एरवी, म्हणजे आजार शोधायला म्हणून, कुठलीही तपासणी नको. औषधाने झालेला ल्युकेमिया भावंडाला होत नाही. अपवाद एकच: घराण्यात तरुणपणी स्तनाचा कॅन्सर, मेंदूची गाठ, हाडाचा किंवा मांसाचा कॅन्सर अशी माणसं असतील तर भाचीच्या टीपी५३ या जनुकाची तपासणी करून घ्यावी. त्या जनुकातली चूक जन्मजात असली तर भावातही असू शकते, आणि मग त्याचा मॅरो देणं योग्य नाही. आजोळचं तुम्हाला माहीत आहे, वडिलांकडचंही विचारून घ्या.

तिला काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या पत्रात "तिला अजून डेंग्यूच माहीत आहे" असं एक वाक्य आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला, जिने एकदा किमो काढली आहे, तिला ब्लास्ट हा शब्द गुगलवर शोधायला पाच मिनिटं लागतात. तुम्ही सांगा, मोबाईलने सांगण्याआधी. दहावीचा फॉर्म भरा. परीक्षा देता आली नाही तर पुढच्या खेपेला बसेल, फॉर्मचे पैसे जातील एवढंच.

मांडीतल्या धातूच्या हाडाचं विचारलंत. त्याने प्रत्यारोपण अडत नाही. पण पेशी शून्यावर असताना जंतू अशा ठिकाणी जाऊन बसतात, म्हणून ऑपरेशन केलेल्या हाडाच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या: व्रण लाल आहे का, गुडघा गरम लागतो का, पाणी येतं का. किडलेले दातही प्लेटलेट आणि पेशी वर असतील त्या आठवड्यात काढून टाकायचे. आणि इको करणाऱ्या डॉक्टरांना ट्रीटमेंट समरी दाखवा, लाल औषधाचा एकूण आकडा त्यांनाही लागतो.